पाणी पाजलं

गोडादरा, सुरत
२९ ऑक्टोबर १९९५

चि. सुकदेवास,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो या खेपेला माझ्याकडेच राहू दे.

गोडादऱ्याहून उधन्याला पत्र पोस्टाने टाकतेय. पोस्टमन म्हणेल, ही बाई येडी झाली, रिक्षाने गेली असती तर तेवढ्या वेळात भांडून परत आली असती. पण भांडायला तोंड समोर लागतं, आणि तू हल्ली मला बघून गोडाऊनमध्ये शिरतोस.

भाऊबीजेला ताट करून बसले होते. तुझे दाजी म्हणाले, तो येत नाही आता. मी म्हटलं, येईल. प्लेगच्या साली लोक गाडीच्या टपावर बसून खान्देशात पळाले, तेव्हा माझे माग चोरीला जाऊ नयेत म्हणून हा माझ्या कारखान्यात झोपला. तो भाऊबीजेला काय घाबरेल? दिवेलागण झाली, ताट निवलं. शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. तुला लाज वाटावी म्हणूनच सांगतेय.

आता त्या दिवसाचं. माझ्या हातात दिल्लीच्या मक्तेदारी कमिशनचा हुकूम होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला नको. तुझ्या ठाकोरशेठच्या सायझिंग मंडळाने ठरवलं होतं की आम्ही सांगू त्याच व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं, त्याच भावाने. बाहेरून घेतलं तर मंडळातली एकही सायझिंग तुमच्या सुताला खळ लावून बीम करून देणार नाही. मी सिल्वासाहून सूत आणलं. झालं, माझं नाव काळ्या यादीत. खळ न लावलेला ताणा मागावर किती टिकतो ते मी सायझिंगची वही सांभाळणाऱ्या मेताजीला, म्हणजे तुला, काय शिकवू? दिवसभर तुटलेले धागे जोडत बसायचं.

म्हणून तर मी आणि आपल्या मागवाल्या चिंधाआबांनी दिल्लीला अर्ज केला होता. आणि कमिशनने लिहून दिलं की हे चालायचं नाही. यादी बंद करा, कुणाचंही सूत नाकारू नका.

मी टेम्पोत सूत घालून तुमच्या दारात आले. मला वाटलं, तू हसशील, म्हणशील, आक्का, जिंकलीस. तू खुर्चीवरून उठलास, मला बस म्हणालास, ट्रेमध्ये एकच ग्लास ठेवून आणलास आणि पाणी दिलंस. नंतर जमिनीकडे बघत म्हणालास, मशीन फुल आहे, पुढच्या आठवड्यात बघू.

आजवर मी तुमच्याकडे कधी आले आणि चहा आला नाही, असं झालंय का? सुरतेत सौदा म्हटला की आधी चहाची ऑर्डर. मला त्या ग्लासात काहीतरी खटकलं, पण भाऊ आहे म्हणून प्यायले.

इकडे सगळं बरं आहे. माग चालू आहेत. दुपारी शेजारच्या मंगलाबाईचा रेडिओ भिंतीतून छान ऐकू येतो.

शोभाआक्का


गोडादरा
२६ नोव्हेंबर १९९५

सुकदेव,

तुझं उत्तर नाही. नको देऊस.

मागच्या पत्रात रेडिओचं लिहिलं तेव्हा तुला कळलं असेल. माग चालू असले तर शेजारचा रेडिओ ऐकू येतो का रे? आठांपैकी पाच बंद आहेत. उरलेले तीन जुन्या बीमवर चालतात, ते संपलं की तेही थांबतील. त्या खडखडाटात वीस वर्षं झोपलेल्या माणसाला आता शांततेत झोप लागत नाही. तुझे दाजी उठून मागांवर हात फिरवतात, गोठ्यात गेल्यासारखे.

तुमच्यानंतर मी पांडेसऱ्याच्या सायझिंगमध्ये गेले, तिथून उधना रोडच्या. सगळीकडे तेच. "आवो बेन, बेसो." ट्रे, ट्रेमध्ये एकच ग्लास. नाही कुणी म्हणत नाही. एकाकडे मशीन फुल, दुसऱ्याकडे बॉयलर बिघडलेला, तिसऱ्याकडे मास्तर गावी गेलेला. तिसऱ्या दारातून निघाले तेव्हा हमाल आपसात म्हणाले, "पाणीवाली बाई चालली." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यादी कागदावरून पुसली आणि ग्लासात भरली. ज्याला चहा त्याचं काम, ज्याला फक्त पाणी त्याने घरी जावं. कागद नाही, शब्द नाही, कमिशनला दाखवायला काही नाही. तुझा शेठ डोक्याचा माणूस आहे, मानलं पाहिजे.

आणि त्या पहिल्या दिवशी तुला हे माहीत होतं. मी ग्लास तोंडाला लावला तेव्हा तुला माहीत होतं.

दस्तूर वकिलांकडे गेले. मी म्हटलं, साहेब, हुकूम आपल्या बाजूने आहे, आता पोलीस पाठवा. ते हसले नाहीत, बिचारे पारशी, सभ्य माणूस. म्हणाले, "बेन, कमिशन हुकूम आपे, पोलीस नहीं आपे." हुकूम देणं कमिशनचं काम. तो मोडला हे दाखवणं ज्याचं नुकसान झालं त्याचं काम. पुन्हा अर्ज करायचा, हुकमाचा अपमान झाला म्हणून. पुरावा आपण आणायचा. सिद्ध झालं तर मंडळाच्या प्रमुखाला जाब द्यावा लागेल, तुरुंगही होऊ शकतो. नाही झालं तर हुकूम फ्रेम करून भिंतीवर लावायचा.

म्हणजे लढून मिळवलेलं पुन्हा लढून वसूल करायचं. चिंधाआबा तिथूनच उठले. म्हणाले, शोभे, माझं वय झालं, मी शेठच्याच व्यापाऱ्याकडून सूत घेतो. त्यांना दोष देत नाही. दोष द्यायला माझ्याकडे एकच माणूस आहे.

मी प्रतिज्ञापत्र केलं. मराठीत सांगितलं, वकिलांच्या ऑफिसातल्या एका पोराने इंग्रजी केलं, मी सही केली. मी ठणकावून सांगितलं, "हुकूम हातात असून या सगळ्यांनी मला पाणी पाजलं." सांगून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

शोभा


गोडादरा
मकरसंक्रांत, १९९६

सुकदेव,

तीळगूळ पाठवत नाही. आज गोड बोलायचा दिवस आहे पण माझ्याकडून व्हायचं नाही.

मंडळाचं उत्तर आलं. दस्तूर साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. लिहिलंय की अर्जदार बाई स्वतःच शपथेवर सांगतात की प्रत्येक सायझिंगमध्ये त्यांना आदराने बसवून पाणी दिलं. सूत नाकारल्याचं त्या कुठेही म्हणत नाहीत. अशा पाहुणचाराला हुकूम मोडणं म्हणायचं का?

माय वं! माझीच सही, माझेच शब्द. त्या पोराने "पाणी पाजलं" याचं इंग्रजी केलं की मला प्यायला पाणी दिलं. त्याचा बाप अमरावतीचा, पण तो इथे जन्मला, घरात हिंदी आणि बाहेर गुजराती, मराठी नुसती कानावरची. पाणी पाजणं म्हणजे जिरवणं, हे त्याला कोण सांगणार? मी तर दोन्ही अर्थ मनात धरून बोलले होते, जिरवली तेही आणि ग्लास दिला तेही. त्याने एक ठेवला, आणि तो शेठच्या कामाचा निघाला. मी रागावले नाही त्याच्यावर. तो रडकुंडीला आला होता.

आता नवीन प्रतिज्ञापत्र दिलं तर ते म्हणतील, बाईने गोष्ट बदलली. दस्तूर साहेब म्हणाले, ग्लासाचा अर्थ आतल्या माणसानेच सांगायला हवा. ज्याला शेठने बसवून सांगितलं असेल, असा कुणी.

 सुकदेव, असा एकच माणूस मला ठाऊक आहे.

दिल्लीहून नेमलेले एक निवृत्त जज फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेत साक्षी घ्यायला बसणार आहेत. त्या दिवशी कुणी उभं राहिलं नाही तर अर्ज निकालात निघेल आणि मग या शहरात कुठलाही माणूस हुकूम घेऊन सायझिंगच्या दारात जाणार नाही. माझ्याएवढी तोंडाळ बाई हरली तर बाकीचे जातील कशाला?

ये. तुझ्या शेठविरुद्ध बोल असं म्हणत नाही. मला तू काय दिलंस आणि का दिलंस, एवढं सांग. तू मना भाऊ शे ना? की फक्त मेताजी?

शोभा


गोडादरा
११ फेब्रुवारी १९९६

सुकदेव,

काल उज्ज्वला येऊन गेली. तू पाठवलं नव्हतंस, ती सांगत होती, आणि मला पटलं. तुझी बायको खोटं बोलताना पदर चाळवते. काल तिचे हात मांडीवर होते.

तिने सांगितलं की माझी पत्रं तू पिठाच्या डब्यामागे ठेवतोस आणि वाचून झालं की जेवत नाहीस. तिने सांगितलं की शेठने तुला बोलावलं होतं. आवाज चढवला नाही. हर्षदाच्या लग्नाची तारीख विचारली, मांडव सायझिंगच्या आवारात घाल म्हणाला, वर म्हणाला की तुझी खोली माझी आहे, पण तू ती आपलीच समज. मग तुझ्यासमोर ट्रे आला. त्यात चहा होता. तू तो चहा प्यायलास.

मी तिच्यासमोर तुला खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "आक्का, मुलीची हळद कुठे लावू, रस्त्यावर?" 

रात्रभर विचार केला. मला कारखाना आहे, अर्धा का होईना. घर स्वतःचं आहे. तुझ्याकडे एक नोकरी आणि त्या नोकरीला टांगलेली खोली, एवढंच. हर्षदाला मी खांद्यावर खेळवलंय. तिच्या लग्नात माझ्या हट्टामुळे मांडव मोडला तर ती पोर मला आत्या म्हणेल का? आणि म्हटली तर मला ऐकवेल का?

म्हणून लिहिते. येऊ नकोस.

हे मी चांगुलपणाने लिहीत नाही. मला अजून तुझा राग येतो. पण राग माझा आहे, तो मी पोसेन. त्याला तुझी लेक का घालू?

दोन माग विकले. भंगारवाल्याने गॅसने कापून नेले, आख्खे दारातून निघत नव्हते. दाजी तेवढा वेळ देवळात जाऊन बसले. तारखेला मी एकटी जाईन आणि जे होईल ते होईल. हारले तरी हारताना माझा आवाज पुढच्या गल्लीपर्यंत जाईल, एवढं बघेन.

तब्येतीला जप. जेवत जा.

आक्का


गोडादरा
२९ फेब्रुवारी १९९६

भाऊ,

तू साक्ष देऊन मागच्या दाराने गेलास. मी पुढच्या दाराशी तुझी वाट बघत उभी होते. वकिलांच्या त्या हॉलला दोन दारं आहेत हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तू साक्षीला उभा होतास तेव्हा तुझी पाठ आमच्याकडे होती. मागे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तू परस्पर दस्तूर साहेबांना भेटून आलास हे मला ठाऊक नव्हतं, तुझं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं दुसरा कुणी सुकदेव असेल. तू दारातून आलास, लग्नकार्यात घालतोस त्या पांढऱ्या शर्टात. ठाकोरशेठ पहिल्या रांगेत होता. तुला बघून तो हसला. त्याला वाटलं, आपल्याच वकिलाने तुला बोलावलंय.

तू सांगितलंस की हुकूम आल्यावर सगळ्या मेताजींना शेठच्या ऑफिसात बसवलं, आणि सांगितलं की यापुढे कुणाला नाही म्हणायचं नाही. फक्त पाणी द्यायचं. ज्याला पाणी दिलं त्याचं सूत उतरवायचं नाही. शेठचं हसू तिथे थांबलं. त्याच्या शेजारचे दोघे खुर्ची सरकवून जरा लांब झाले, हे मी पाहिलं.

मग त्यांचा वकील उठला, गोड आवाजाचा. म्हणाला, आपल्या देशात दारात आलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी देणं गुन्हा कधीपासून झाला? हॉलमध्ये हसू आलं.  मला वाटलं, आता हा जमिनीकडे बघणार.

तू बघितलंस. जमिनीकडेच बघितलंस. पण बोललास, "तिला तहान नव्हती साहेब. ती सूत घेऊन आली होती."

हसणं बंद झालं. जज साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, या ग्लासाचा अर्थ तुम्ही म्हणता तोच, हे मी कशावरून मानू? तुम्हाला शेठचा राग असेल. तू म्हणालास, राग नाही साहेब, त्यांच्याच खोलीत राहतो, त्यांच्याच आवारात लेकीचा मांडव आहे.  आणि म्हणालास,

"ही माझी सख्खी मोठी बहीण आहे. अर्थ मला माहीत होता, आणि ते पाणी मी माझ्या हाताने तिला दिलं. त्या दिवसापासून तिच्या घरचं पाणी प्यायला मला तोंड नाही. भाऊबीजेला गेलो नाही. तिला विचारा."

जज साहेबांनी माझ्याकडे बघितलं. विचारलं, खरं आहे का? सुकदेव, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नुसती मान हलवली. साऱ्या सुरतेला ऐकू जाईल असं ओरडायचं ठरवून गेले होते, आणि मान हलवून आले.

आणखी एक सांगते, हसशील. सगळ्यांसमोर शिपायाने पाण्याचे ग्लास ठेवले होते. तू गेल्यावर तास दीड तास काम चाललं. मंडळाच्या एकाही माणसाने ग्लासाला हात लावला नाही. फेब्रुवारीतलं ऊन, घसे सुकलेले, पण कुणाची छाती झाली नाही.

रात्री दाजी उधन्याला गेले. तुमच्या खोलीला कुलूप होतं. शेठचं, नवं. सामान कुठे नेलंस? उज्ज्वला कशी आहे? लग्नाचं काय? काहीच कळत नाही. हे पत्र तुझ्या सासुरवाडीच्या पत्त्यावर नवापूरला टाकतेय, अंदाजाने. मिळालं तर नुसतं मिळालं एवढं तरी कळव.

तुझी आक्का


गोडादरा
६ एप्रिल १९९६

प्रिय भाऊ,

उज्ज्वलाचं कार्ड आलं. तू नवापूरला कापडाच्या दुकानात बसतोस, हर्षदा खुशीत आहे आणि तिच्या सासरच्यांनी मोडता घातला नाही, हे वाचून मी देवासमोर दिवा लावला. भली माणसं मिळाली. पण कार्डावर तुझी सही नाही. अजून तोंड नाही का तुला?

ऐक. जज साहेबांचा अहवाल दिल्लीला गेला आणि ठाकोरशेठला जातीने हजर राहायची नोटीस निघाली. तिथे उभं राहायची वेळ आली तेव्हा त्याने लेखी माफी दिली. मंडळाने लिहून दिलं की कुणाचंही सूत आलं की उतरवून पावती द्यायची, त्याच दिवशी. दस्तूर साहेब म्हणाले, बेन, आता हा हुकूम खरा झाला.

परवा मी टेम्पो घेऊन तुमच्या सायझिंगमध्ये गेले. तुझ्या खुर्चीवर एक नवीन पोरगा बसलाय. मला बघून तो उभा राहिला आणि घाबरून एकदम तीन चहा मागवले, मी एकटी असताना. मी तिन्ही प्यायले. सूत उतरलं. पावती मिळाली. बाहेर चिंधाआबा टेम्पो लावून रांगेत उभे होते, सिल्वासाचं सूत घेऊन. मला म्हणाले, शोभे, आत काय देतात गं? मी म्हटलं, चहा देतात आबा, जा.

खरं सांगू? त्या खुर्चीकडे बघून मला तो चहा गोड लागला नाही.

आज सहा माग चालू आहेत. मंगलाबाईचा रेडिओ ऐकू येत नाही. दाजी कालपासून भर आवाजात घोरतात.

हर्षदाचा मांडव माझ्या दारात पडेल. कारखान्यापुढची जागा झाडून घेतलीय, गल्लीतल्यांना सांगून झालंय, उज्ज्वलाला वेगळं लिहिलंय. यावर तुझं मत विचारलेलं नाही.

लग्नाआधी चार दिवस सगळे या. दारात आलास की मी पुढे येऊन तुला ग्लास देणार नाही, ते मनातून काढ. पाहुण्यांना देतात पाणी. मी चहा टाकत असेन. माठ तिथेच आहे, प्लेगच्या साली होता त्याच कोपऱ्यात. तुझं तू घेऊन पी.

आशीर्वाद.

आक्का